कंपनी म्हणते "आधी कल्चर पाठवा, कागद नंतर करू". काय करावं?

प्रयोगवही (सांगली)

नमस्कार मंडळी. मी सांगलीतल्या एका अनुदानित महाविद्यालयात मायक्रोबायोलॉजी शिकवते, शिवाजी विद्यापीठाची पीएचडी गाइड आहे. माझी एक विद्यार्थिनी हळदीच्या कंदकुजीवर काम करतेय. मिरज, वाळवा भागात कुज लागलेल्या रानात सगळी सरी पिवळी पडलेली असते आणि मध्येच एखादं झाड हिरवंगार उभं दिसतं. अशा झाडांच्या मुळाशेजारची माती तिने गोळा केली आणि त्यातून ट्रायकोडर्माचे (उपयोगी बुरशी) आणि स्युडोमोनासचे (उपयोगी जिवाणू) बरेच आयसोलेट, म्हणजे वेगळे करून वाढवलेले नमुने, काढले. त्यातले दोन फार चांगले निघाले, दोन्ही प्रकारांतला एकेक. प्लेटवर एका कडेला पिथियम (कुज आणणारा सूक्ष्मजीव) आणि दुसऱ्या कडेला आमचा ट्रायकोडर्मा लावला की तीन-चार दिवसांत पिथियमची वाढ मध्येच थांबते आणि आमची हिरवी बुरशी तिच्यावर चढत जाते. कुंड्यांमधले निकालही चांगले आहेत. शेतातली चाचणी अजून व्हायची आहे.

गेल्या महिन्यात पुण्याजवळच्या एका जैविक निविष्ठा बनवणाऱ्या कंपनीचे लोक येऊन गेले. काम पाहून खूश झाले. म्हणाले, दोन्ही कल्चरचे (लॅबमध्ये वाढवलेल्या सूक्ष्मजीवांचे) स्लँट, म्हणजे नळीतले नमुने, पाठवून द्या, आम्ही तीन महिन्यांत ट्रायल घेऊन कळवतो. पाठोपाठ पाच वर्षांच्या एमओयूचा (सामंजस्य कराराचा) मसुदा आला. त्यात "सर्व निष्कर्ष गोपनीय राहतील" असं एक वाक्य आहे. पैशाचा उल्लेख कुठेच नाही. नॅकची (कॉलेजच्या मानांकनाची) फेरी जवळ आल्यामुळे प्राचार्यांना एमओयू लवकर हवा आहे. विद्यार्थिनीचं जानेवारीत एका परिषदेत पोस्टर आहे, पुढच्या वर्षी तिला थिसिस द्यायचा आहे.

कल्चर द्यावं का? पोस्टरचं काय करायचं? पैसे मागायचे तर कुठल्या तोंडाने, आम्ही पडलो कॉलेज. आणि सही नेमकी कोणाची चालते? तिची चार वर्षांची मेहनत आहे, म्हणून इतकं विचारतेय.

कराडकर

मॅडम, कल्चर आत्ता पाठवू नका.

मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे होतो. जैविक खतं-औषधं बनवणाऱ्या कंपनीत आर अँड डीला. कॉलेजं आणि विद्यापीठांकडून कल्चर गोळा करणं, त्यातून प्रॉडक्ट होईल का ते बघणं हेच माझं काम होतं. आता कराडला असतो. त्यामुळे तुमच्याकडे आलेल्या लोकांच्या डोक्यात काय चाललं असेल ते सांगू शकतो. ते वाईट नाहीत. ते प्रत्येक कॉलेजात हेच मागतात. कंपनीच्या फ्रीजमध्ये अशा स्लँटचा एक कप्पाच असतो. ज्या माणसाने ते आणले तो नोकरी सोडून गेला की कुठलं कल्चर कोणाचं हे सांगणारं कोणी उरत नाही. घाटावरच्या एका कॉलेजने दिलेलं बॅसिलस जिवाणूचं फार चांगलं कल्चर माझ्या डोळ्यांदेखत असं गेलं. ते कोणी चोरलं नव्हतं. पण एकही कागद झालेला नव्हता, त्यामुळे त्या सरांना साधा अहवालही हक्काने मागता आला नाही.

म्हणून आधी मटेरियल ट्रान्सफर अ‍ॅग्रीमेंट. दोन पानी असतं. कुठलं कल्चर, किती स्लँट, कशासाठी वापरणार, दुसऱ्या कोणाला देणार नाही, त्यावर प्रॉडक्ट काढायचं तर वेगळा करार, चाचणीचे आकडे अमुक मुदतीत तुम्हाला मिळणार आणि काम संपल्यावर कल्चर परत किंवा नष्ट. स्लँटवर तुमच्या लॅबचा कोड नंबर घाला. पाठवण्याआधी दोन्ही कल्चर चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहात किंवा पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात डिपॉझिट करा. तिथला अ‍ॅक्सेशन नंबर आणि तारीख हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. उद्या तुमच्या फ्रीजची लाइट गेली तरी कल्चर जिवंत राहील, हा वर फायदा.

आता पैशाचं. संकोच सोडा. कॉलेजने फुकट दिलेल्या कल्चरला कंपनीत वाली नसतो. ज्या कामाची पर्चेस ऑर्डर निघते, त्याची आठवण तिथे राहते, कारण तिमाहीच्या बैठकीत फायनान्सवाला विचारतो की या खर्चाचं काय झालं. त्यामुळे पहिलं काम छोटं घ्या, पण पैसे घेऊन करा. रसायनं, प्लेटा, काचसामान, एका प्रोजेक्ट असिस्टंटचं मानधन आणि त्यावर संस्थेचा वाटा. निम्मे आगाऊ. संस्थेची जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के वेगळे दाखवा, नाहीतर मागून तुमच्याच गळ्यात येतील.

ते छोटं काम कुठलं असावं हे नीट सांगतो, कारण विद्यापीठ आणि कंपनी यांच्यात खरी फारकत तिथेच होते. तुम्हाला वाटतं, आमचं कल्चर पिथियमला मारतं हे दाखवलं म्हणजे झालं. कंपनीला ते पहिल्याच बैठकीत पटलेलं असतं. प्लेटवर मारणारी कल्चर तिने पुष्कळ पाहिलेली आहेत. तिला झोप न येऊ देणारा प्रश्न दुसरा आहे: हे गोदामात टिकतं का?

आम्ही टाल्कवर (शंखजिऱ्याच्या भुकटीवर) तयार केलेली पाकिटं मुद्दाम पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचो. दर महिन्याला एक पाकीट फोडायचं, एक ग्रॅम पावडर निर्जंतुक पाण्यात घालायची, दहापट-दहापट पातळ करत न्यायची आणि प्लेटवर पसरायची. जानेवारीच्या पाकिटाची प्लेट हिरवीगार, एका कॉलनीची कड दुसरीत शिरलेली, मोजायलाही यायची नाही. त्याच खेपेचं पाकीट एप्रिल-मे काढून जूनमध्ये फोडलं की तेवढ्याच पातळ केलेल्या प्लेटवर इकडे एक ठिपका, तिकडे एक. ट्रायकोडर्माच्या पावडरीत ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत बीजाणू असायला हवेत हा नियम आहे, आणि शेतकरी पाकीट नेमका मे-जूनमध्येच फोडतो. प्लेटवर सगळ्यात जोरदार असलेली आमची कित्येक कल्चर या एका चाळणीत गळाली, आणि दिसायला मध्यम असलेली एक-दोन तरली.

तेव्हा कंपनीला लिहा: आमच्या दोन कल्चरची टिकाऊपणाची चाचणी सहा महिने करू. फॉर्म्युलेशन आणि गोदाम तुमचं, मोजणी आमच्या लॅबमध्ये. ही मोजणी एमएस्सीची पोरंही नीट करू शकतात, तुमच्याकडे हात आहेत. कंपनीकडे नेमके तेच कमी असतात. सहा महिन्यांनी त्यांना निर्णय घेता येईल असे आकडे मिळतील आणि तुम्हाला कळेल की हे लोक वेळेवर पैसे देतात का, फोन उचलतात का. मोठा करार त्यानंतर.

"तीन महिन्यांत ट्रायल" हे वाक्य हळदीचं पीक न पाहिलेल्या माणसाचं आहे. अक्षय्यतृतीयेच्या आसपास लावण, पावसाळ्यात कुज, काढणी जानेवारी-फेब्रुवारीत. आठ-नऊ महिन्यांचं पीक आहे. वेळापत्रक पिकाचं घाला, तिमाहीचं नको. आणि करारात पुराचं कलम हवंच. आपण कृष्णाकाठी आहोत, २०१९ आणि २०२१ दोन्ही पाहिलेत. आयर्विन पुलाशी पाणी ४५ फुटांवर गेलं आणि प्लॉट बुडाला तर तो हंगाम मोजायचा नाही, मुदत आपोआप पुढे, आणि तोवर झालेला खर्च कंपनीने द्यायचा, हे आधीच लिहून घ्या. पुण्यात बसून मसुदा करणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही.

प्राचार्यांना एमओयू खुशाल करू द्या. फक्त त्यात एक ओळ घाला की या एमओयूने कुठलेही हक्क, कल्चर किंवा माहिती हस्तांतरित होत नाही, त्यासाठी स्वतंत्र करार होतील. त्यांना हेही सांगा की नॅकला चालू असलेला एमओयू दाखवावा लागतो. पैसे घेऊन केलेलं एक काम, त्याची बिलं आणि अहवाल हे पाच वर्षांच्या कोऱ्या एमओयूपेक्षा फाइलमध्ये जास्त वजनदार दिसेल.

गोपनीयतेचं ते वाक्य मात्र जसंच्या तसं अजिबात स्वीकारू नका. मुलीचा थिसिस त्यात अडकेल. गोपनीय काय, तर कंपनीने लेखी "गोपनीय" शिक्का मारून दिलेली माहिती. तुमच्या लॅबचे निष्कर्ष तुमचे. छापण्याआधी कंपनीला मसुदा ३० दिवस वाचायला द्या, पेटंटसाठी थांबायचं असेल तर जास्तीत जास्त ९० दिवस. थिसिस सादर करणं आणि व्हायवा यांना कुठलीही अट लागू होणार नाही, हे वेगळ्या ओळीत. यावर हटून बसा. चांगली कंपनी हे मान्य करते.

अर्ज_क्रमांक (पुणे, मूळ विटा)

कराडकरांनी जवळपास सगळं सांगितलंय. मी पेटंट एजंट आहे, तेवढंच बोलतो.

मातीतून जसा मिळाला तसा जीवाणू किंवा बुरशी भारतात पेटंट होत नाही. पेटंट कायद्याचं कलम ३(सी) आडवं येतं, निसर्गात असलेल्या सजीवाचा शोध म्हणजे इन्व्हेन्शन नव्हे. फॉर्म्युलेशन, ते बनवण्याची पद्धत किंवा दोन कल्चरचं एकत्रित मिश्रण यांचा विचार होऊ शकतो. पण मिश्रणाला ३(इ) आहे: नुसती बेरीज चालत नाही. म्हणून प्रयोगात चार गट ठेवा. नुसता ट्रायकोडर्मा, नुसता स्युडोमोनास, दोन्ही एकत्र आणि काहीच नाही. एकत्र दिल्यावर परिणाम दोघांच्या बेरजेहून जास्त आला तरच दाव्यात दम. तुमच्या कुंड्यांच्या प्रयोगात हे चार गट नसतील तर पुढच्या प्रयोगात घालाच.

पोस्टर. जानेवारीच्या आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका, मग पोस्टर खुशाल लावा. पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात. कलम ३१ मध्ये विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला वर्षभराची सवलत आहे, पण ती अरुंद आहे आणि युरोपात तसली सवलत चालत नाही. तिच्या भरवशावर राहू नका. जगातला सगळ्यात गाजलेला दाखला जनुक जोडण्याच्या कोहेन-बॉयर पद्धतीचा. निबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये छापून आला, स्टॅनफर्डने अर्ज नोव्हेंबर १९७४ मध्ये केला. अमेरिकेत वर्षभराची मुभा होती म्हणून तिथलं पेटंट मिळालं, बाकी देशांतला हक्क मात्र छापल्या दिवशीच गेला होता. एकट्या अमेरिकेतल्या त्या पेटंटांवर १९९७ पर्यंत २५ कोटी डॉलरहून जास्त लायसन्स फी आली, तीही कोणा एका कंपनीला न विकता शेकडो कंपन्यांना दिल्यामुळे.

शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून पेटंट फीमध्ये ८० टक्के सवलत आहे. अर्जात कल्चर कुठून आणलं ते लिहावं लागतं, आणि पेटंट मंजूर होण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पायरी चढावी लागते. हे काम आधीच सुरू करा, शेवटी सगळं इथेच अडतं.

सही: गाइडची चालत नाही, विभागप्रमुखाचीही नाही. तुमची शिक्षण संस्था ज्याला लेखी अधिकार देईल त्याची. सरकारी पैशातल्या संशोधनाची मालकी कोणाची हे ठरवणारं विधेयक आपल्याकडे २००८ मध्ये आलं आणि २०१४ मध्ये मागे घेतलं गेलं. अमेरिकेत तसा कायदा १९८० पासून आहे. आपल्याकडे सगळं अनुदानाच्या अटी, संस्थेचं धोरण आणि करार यांवर. मुलीला फेलोशिप कोणाची आहे ते बघा, त्या पत्रातल्या अटी आधी वाचा. संशोधक म्हणून तिचं नाव अर्जात आलंच पाहिजे, मालक कोणीही असो.

बांधावरून (मिरज तालुका)

मॅडम, मी हळदवाला. कागदाचं मला कळत नाही, पण दोन गोष्टी विचारतो.

माती आमच्या रानातली, त्यातली बुरशी आमच्या हळदीनं सांभाळलेली. उद्या पाकीट बाजारात आलं तर ज्याच्या रानातनं माती नेली त्याला काय? ते अमेरिकेचं हळदीचं पेटंट झालं होतं तसं व्हायला नको.

दुसरं असं. आमच्याकडं लावणीआधी बेणं बुडवून काढतात ते कार्बेन्डॅझिमच्या पाण्यात. ते बुरशीनाशकच आहे. त्यावर तुमची बुरशी टाकली तर ती जगायची कशी? दुकानातनं आणलेली अशी पाकिटं मी वापरलीत, काही फरक दिसला नाही. आता कराडकर भाऊंचं वाचून वाटतं की त्यातलं जिवंत काही नव्हतंच. आणि कुज एकटी येत नाही, कंदमाशीच्या अळ्याही गड्ड्यात असतात. नुसत्या बुरशीवर औषध काढलं आणि माशी तशीच राहिली, तर शेतकरी म्हणणार औषध फसवं.

ट्रायलला जागा पाहिजे असेल तर माझं रान आहे. ठिबक आहे, गादीवाफे आहेत. गेल्या साली एका बाजूला कुज लागली होती, ती बाजू तुम्हाला दाखवतो. माझी अट एवढीच की निकाल चांगला येवो की वाईट, आधी मला येऊन सांगायचा.

प्रयोगवही

सगळ्यांचे मनापासून आभार. काल प्राचार्यांशी आणि संस्थेच्या सचिवांशी बोलले. ती एक ओळ एमओयूत घालायला दोघेही तयार झाले. प्रोव्हिजनल अर्जासाठी संस्था खर्च करणार आहे. चार गटांचा प्रयोग विद्यार्थिनीने आजच मांडायला घेतला.

दादा, तुमचा कार्बेन्डॅझिमचा मुद्दा आम्ही लॅबमध्ये तपासलाच नव्हता. ट्रायकोडर्मा त्यापुढे टिकणार नाही हे पुस्तकात आहे, पण दोन प्रक्रियांमध्ये किती दिवसांचं अंतर ठेवलं तर चालेल, मुळात बुडवणं टाळलं तर काय होतं, हे शेतकऱ्याच्या बाजूने आम्ही मांडायला हवं. ते कामात घेतेय. तुमची अट तर मान्यच.

कंपनीशी फोन झाला. छोट्या कामाला ते हो म्हणाले, पण आता म्हणतात की पैसे देणार असू तर कल्चरचे संपूर्ण हक्क कायमचे आणि फक्त आम्हालाच. हे घासाघीस करण्यासारखं आहे की इथेच थांबावं?

कराडकर

थांबू नका, ही चांगली खूण आहे. ज्याला रस नसतो तो हक्क मागत नाही.

"संपूर्ण, कायमचे, फक्त आम्हालाच" या तिन्ही शब्दांवर वेगवेगळं बोला. टिकाऊपणाच्या चाचणीचे पैसे हे त्या चाचणीचे पैसे आहेत, हक्कांची किंमत नव्हे. त्यांना हवं तर ऑप्शन द्या: चाचणी संपल्यावर सहा महिने तुम्ही दुसऱ्या कंपनीशी बोलणार नाही, आणि त्या थांबण्याची वेगळी फी. त्या मुदतीत त्यांनी लायसन्स घ्यायचं की नाही ते ठरवावं.

लायसन्सची वेळ आली की फक्त त्यांनाच द्यायलाही हरकत नाही. नोंदणीचा खर्च मोठा असतो. जैविक कीडनाशक म्हणून केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे जायचं तर विषारीपणाच्या चाचण्या आणि कृषी विद्यापीठ किंवा आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) केंद्रांवरचे निकाल द्यावे लागतात. शेजारी सगळ्यांनाच तेच कल्चर मिळणार असेल तर तो खर्च कोण करेल? स्टॅनफर्डची गोष्ट पद्धतीची होती, ती प्रत्येक लॅबला लागणारी होती. तुमचं एका रोगावरचं एक कल्चर आहे, त्याला एकच जीव लावणारी कंपनी बरी. पण मर्यादा घाला: फक्त हळदीवर, ठरावीक वर्षं. आलं, ऊस, द्राक्षं तुमच्याकडेच. अमुक तारखेपर्यंत नोंदणीचा अर्ज केला नाही तर हक्क आपोआप परत. आणि तुमच्या लॅबला त्याच कल्चरवर संशोधन करायची, शिकवायची मोकळीक कायम. मी कंपनीत असताना हक्क परत जाण्याच्या कलमाला आम्ही सगळ्यात जास्त विरोध करायचो, आणि ते असलेल्या फायलीच सगळ्यात पुढे सरकायच्या.

पैशाची दुसरी वाट म्हणजे बायरॅक या जैवतंत्रज्ञानाला मदत करणाऱ्या सरकारी संस्थेचा पेस कार्यक्रम. त्यातल्या कॉन्ट्रॅक्ट रिसर्च योजनेत संशोधन संस्थेचं असतं आणि कंपनी पडताळणी करते. बौद्धिक संपदा संस्थेकडे राहते, लायसन्स घ्यायचं की नाही हे सगळ्यांच्या आधी ठरवायची संधी कंपनीला मिळते. कंपनीला ही योजना दाखवा, हक्कांवरची निम्मी घासाघीस तिथेच मिटेल.

शेतातली चाचणी कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राला बरोबर घेऊन करता येते का ते विचारा. राहुरी विद्यापीठाचं केंद्र आहे, हळदीवर त्यांचं आयुष्यभराचं काम आहे, फुले स्वरूपा ही हळदीची जात तिथलीच. त्यांच्या प्लॉटवरचे आकडे नोंदणीला उपयोगी पडतील, तुमच्या एकट्या कॉलेजचे तेवढे पडणार नाहीत. बांधावरून दादांचा प्लॉट त्याला जोडून, शेतकऱ्याच्या पद्धतीने. कंदमाशीची नोंद दोन्हीकडे घ्या, दादांचा तो मुद्दा महत्त्वाचा आहे.

दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं: ते अमेरिकेचं पेटंट जखमेवर हळद लावण्याचं होतं. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला मिळालं, सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने आपले जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तिथे आपलं ज्ञान जुनं होतं हे दाखवून भागलं. इथे बुरशी आहे, तिचं कुठल्या ग्रंथात नाव नाही, त्यामुळे आधार जैवविविधता कायद्याचा. व्यापारी वापर झाला की लाभाचा वाटा द्यायची तरतूद त्यात आहे, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. मॅडम, माती नेली त्या गावांची नावं, गट नंबर, तारखा मुलीच्या वहीत असतीलच. त्या गावांच्या समित्यांना आत्ताच पत्र द्या.

बांधावरून

पत्र आमच्या गावाला मीच नेऊन देतो, ग्रामसेवक ओळखीचे आहेत. मॅडम, एक सांगतो. ट्रायल मेमध्ये करायची असली तरी बेणं जानेवारीत काढणीला निवडावं लागतं. कुज नसलेल्या बाजूचे जेठे (मुख्य) गड्डे मी वेगळे काढून सावलीत ठेवतो. तुमच्या चार गटांना गड्डे किती लागतील तेवढं काढणीच्या आधी कळवा, आणि दुसऱ्या बाजूचेही थोडे पाहिजेत का तेही.

प्रयोगवही

दोन्ही बाजूंचे हवेत, दादा. रविवारी विद्यार्थिनीला घेऊन येते, वाफे मोजून आकडा तिथेच ठरवू.